नाशिक ते काठमांडू, शनिवार-रविवार जोडून: विद्यार्थ्यांची ग्रुप टूर कशी होती

कॉलेज रोडच्या एका छोट्या टूर ऑफिसनं यंदा खास विद्यार्थ्यांसाठी काठमांडूची सहल काढली. एरवी त्यांचं काम अष्टविनायक, काशी-अयोध्या आणि चारधामचं. २६ जानेवारी सोमवारी आली होती, त्यामुळे गुरुवारी रात्री नाशिकहून निघायचं, रविवारी रात्री मुंबईत उतरायचं, सोमवारी झोप काढायची आणि मंगळवारी लेक्चरला बसायचं असा हिशेब जमत होता. माणशी ३२,००० रुपये. त्यात मुंबईपर्यंतची बस, जाऊन-येऊन विमान, थमेल या काठमांडूतल्या पर्यटकांच्या भागातलं हॉटेल, तिथली गाडी, गाइड, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं जेवण आणि ठिकठिकाणची प्रवेश तिकिटं आपापली. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ग्रुपमध्ये निम्मे आमच्या वर्गातले, बाकी इंजिनीअरिंग आणि फार्मसीचे. बहुतेकांचा देशाबाहेरचा हा पहिलाच प्रवास होता.

पैसे वसूल झाले का? झाले, आणि ते मुख्यतः दोन माणसांमुळे: इथले ऑफिसवाले काका आणि तिथला गाइड. कार्यक्रमाची आखणी मात्र बदलायलाच हवी, विशेषतः रविवारची. ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण अशा सहली आता बरेच जण नेतात आणि मी जे सांगणार आहे ते कुणाकडेही नाव नोंदवताना विचारण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. नेपाळला काय, आधार कार्डावर जाता येतं, असं घरात, वर्गात, सोसायटीत सगळे छातीठोकपणे सांगतात. विमानानं जायचं असेल तर तसं नाही. व्हिसा लागत नाही हे खरं, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं, आणि तेही मूळ. आधारसारखं दुसरं ओळखपत्र चालतं ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना. आमच्या वयाची गोची अशी की नुकतीच अठरा पूर्ण झालेली, मतदार कार्ड काढलेलं नाही आणि पासपोर्टची कधी गरज पडलेली नाही. काकांनी दिवाळी संपताच सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि मूळ कागद टेबलावर ठेवायला लावले. मोबाइलमधला फोटो दाखवणाऱ्यांना परत घरी पिटाळलं. सिन्नरच्या मैत्रिणीच्या मतदार कार्डावर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं. काकांनी तिचं तिकीट कार्डावरच्या स्पेलिंगनंच काढलं आणि तशी खूण वहीत केली. देवळाली कॅम्पच्या मित्राकडे फक्त आधार होतं. त्याच्या शेजारी बसून पासपोर्टचा अर्ज भरून दिला. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच असल्यानं त्याची मुंबईची फेरी वाचली. मुंबई विमानतळावर आमच्या पुढे दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपमधल्या दोघांना काउंटरवरूनच मागे फिरावं लागलं, तेव्हा या कटकटीचं मोल कळलं.

दुसरी बैठक पालकांची. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सिंहदरबार हे सरकारचं मुख्यालय जळालं, पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला, हे सगळं टीव्हीवर पाहिलेलं. माझ्या आईनं तर नाव काढायलाच सांगितलं होतं. काकांनी कुणाला उडवून लावलं नाही. तिथल्या गाइडला फोन लावून स्पीकरवर ठेवलं आणि आयांना हवे ते प्रश्न विचारू दिले. गाइडनं हिंदीत शांतपणे सांगितलं की हंगामी सरकार आहे, मार्चमध्ये निवडणूक आहे, रस्ते आणि बाजार रोजच्यासारखे सुरू आहेत, आणि काही बिघडलं तर विमानतळाजवळच्या हॉटेलात हलवण्याची सोय करून ठेवली आहे. आई तिथेच हो म्हणाली. पंचवीस-तीस घरांची मुलं परक्या देशात न्यायची तर ही एवढी तयारी हवीच, आणि ती इथे होती.

जाताना विमानात डावीकडची खिडकी मागा. काकांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. उतरायच्या आधी उत्तरेला बर्फाची पूर्ण रांग दिसते. जानेवारीत हवा स्वच्छ असते, त्यामुळे शिखरं कापून ठेवल्यासारखी स्पष्ट होती.

त्रिभुवन विमानतळाबाहेर आलं की पहिला धक्का बसतो तो सगळं वाचता येण्याचा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, सगळं देवनागरीत. त्यामुळे पहिला तासभर परक्या देशात आल्यासारखं वाटतच नाही, आणि मग एकेक गोष्ट वेगळी निघू लागते. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. बिलावर साल २०८२, कारण तिथे व्यवहारातही विक्रम संवत चालतो. आम्ही गेलो तेव्हा आठवड्याची सुट्टी फक्त शनिवारी होती, रविवार कामाचा दिवस होता. नाणं-नोटांचा हिशेब १ रुपयाला १ रुपया ६० पैसे असा ठरलेला. दुकानदार किंमत सांगतो तेव्हा ‘आयसी की एनसी’ हे आधी विचारून घ्या, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. शंभराची वस्तू आयसीमध्ये घेतली तर साठ रुपये नेपाळी जास्त गेले. काकांनी शंभराच्या भारतीय नोटा आणायला सांगितल्या होत्या, त्या सगळीकडे चालल्या. २०२४ पासून फोनपेच्या क्यूआर कोडवर आपलं यूपीआयही चालतं. फोनपे ही तिथली वेगळी कंपनी आहे, आपल्या फोनपेशी तिचा संबंध नाही. मोठ्या दुकानांत पैसे गेले, लहान टपऱ्यांवर रोख लागली. सिमकार्ड विमानतळावरच मिळतं.

शुक्रवारी वसंत पंचमी होती. सहलीची तारीख सुट्टी पाहून ठरली होती, पंचमी पाहून नाही, पण गाइडनं त्याचं सोनं केलं. हा काठमांडूला लागून असलेल्या पाटण शहरातला, तिथल्या जुन्या नेवार समाजातला तरुण, आम्ही त्याला दाइ म्हणजे दादा म्हणायचो आणि तो आम्हाला बहिनी, भाइ. ठरलेल्या कार्यक्रमात हॉटेलवर आराम होता. त्यानं बॅगा टाकायला लावल्या आणि थेट स्वयंभूच्या स्तूपाला नेलं. नेपाळमध्ये या दिवशी सरस्वतीची पूजा असते, आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करतात तशी. स्तूपाच्या पश्चिमेला सरस्वतीचं छोटं देऊळ आहे. तिथे ही गर्दी, आणि सगळी आमच्याच वयाची किंवा त्याहून लहान. मुलं देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहीत होती. एका बाबांनी तीन-चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलं होतं. तिच्या मुठीत खडू, मुठीवर त्यांचा हात, आणि भिंतीवर मोठा वेडावाकडा ‘क’ उमटत होता. लिहून झाल्यावर तिनं स्वतःच टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या फार्मसीच्या मुलानं खडू मागून घेतला आणि जूनमध्ये परीक्षा देणाऱ्या धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं. हे कुठल्याही टूरच्या पत्रकात छापलेलं नसतं. गाइड चांगला असण्याचा फायदा तो हाच.

संध्याकाळी पशुपतिनाथ. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं आणि आत फोटो काढता येत नाहीत. चतुर्मुख लिंगाला चारही दिशांना दारं आहेत, प्रत्येक दारातून वेगळ्या मुखाचं दर्शन. त्र्यंबकेश्वरला ज्या रांगेची सवय आहे त्यापुढे इथे लवकर दर्शन झालं. नंतर पलीकडच्या काठावर बसून बागमतीची आरती पाहिली. समोरच आर्यघाट, तिथे चिता जळत असतात आणि त्याच वेळी या काठावर दिवे ओवाळले जातात, भजन चालू असतं, लोक नाचतातही. रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रिया पाहत वाढलेल्या आम्हा पंचवटीकरांना हे अपरिचित नाही. तरीही एवढ्या जवळून आणि एवढ्या मोकळेपणानं मी ते पाहिलं नव्हतं. आमच्यातल्या दोघींना ते झेपलं नाही, त्या मागे जाऊन बसल्या आणि दाइ त्यांच्याजवळ थांबला. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल त्यांना हे आधी सांगायला हवं. काकांच्या सूचनांमध्ये ते नव्हतं.

शनिवारी सकाळी बौद्धनाथचा स्तूप, एक प्रदक्षिणा, एक चहा. मग भक्तपूर. या सहलीतलं सगळ्यात जास्त जपावं असं जर काही असेल तर ती भक्तपूरची मोकळी दुपार.

काठमांडूच्या पूर्वेला तेरा-चौदा किलोमीटरवर हे गाव आहे. आत शिरताना तिकीट लागतं. सार्क देशांच्या नागरिकांना दर कमी आहे, म्हणून ओळखपत्र खिशात ठेवा. तिकिटाचे पैसे नगरपालिका जुन्या वास्तूंच्या देखभालीवर खर्च करते, आणि ते दिसतं. विटांची फरसबंदी, विटांची घरं, त्यावर काळपट लाकडाच्या कोरीव खिडक्या. त्या खिडक्यांत वाळत घातलेले कपडे आणि खाली उन्हाला बसलेल्या आज्या. माणसं राहतात तिथे. गाइडनं सांगितलं की २०१५ च्या भूकंपानंतर नवं घर बांधतानाही दर्शनी बाजू वीट-लाकडाचीच ठेवावी लागते आणि त्यासाठी पालिका मदतही करते. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते. नोटीस लागलेली असते, भाडेकरू-मालकांचा वाद कोर्टात असतो आणि सागवानी खांबांचं घर ढिगाऱ्यात जातं. दुसऱ्या वर्षाला सरांनी आम्हाला असेच वाडे मोजायला पाठवलं होतं, त्यातला एक आता नाही. त्यामुळे भक्तपूरच्या त्या गल्लीत उभं राहून मला आनंद झाला आणि तितकाच त्रासही झाला. वीट, लाकूड आणि चुन्यातलं गाव आजच्या काळात चालवता येतं, हे डोळ्यांनी दिसत होतं.

न्यातपोल मंदिर पाच छपरांचं, १७०२ मध्ये राजा भूपतींद्र मल्लानं बांधलेलं. १९३४ आणि २०१५ असे दोन मोठे भूकंप त्यानं सोसले आणि उभं राहिलं. पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना रक्षक: सगळ्यात खाली दोन मल्ल, मग हत्ती, सिंह, शार्दूल आणि वर देवी. प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान मानतात. आमच्या वर्गानं पायरीवर बसून स्केचबुक काढली. इंजिनीअरिंगचे मित्र तोवर विटेच्या भिंतीतल्या लाकडी पट्ट्यांवर वाद घालत बसले, भूकंपात भिंत हलते पण सुटत नाही ती कशामुळे यावर. एक शब्दही कंटाळवाणा नव्हता.

तिथून गल्ल्या-गल्ल्यांतून चालत गेलं की तचुपाल टोल ही जुनी वस्ती, आणि तिथे दत्ताचं देऊळ! पंधराव्या शतकातलं, एकाच झाडाच्या लाकडात बांधलं अशी आख्यायिका असलेलं. दारात न्यातपोलसारखेच दोन मल्ल. ओझरच्या मैत्रिणीच्या घरी दत्तजयंतीला सप्ताह असतो. गाणगापूर-नरसोबाची वाडी तिच्या घरात रोजच्या बोलण्यात. तिनं आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी फोनवर दोन मिनिटं नुसतीच बघत राहिली, मग म्हणाली, ‘अगं, नमस्कार केलास का? माझाही कर.’ मागच्या गल्लीत प्रसिद्ध मयूर खिडकी आहे, तिचे फोटो सगळे काढतात. मला मात्र त्या देवळासमोरचा चौक जास्त आवडला.

इथेच जुजू धौ खा. म्हशीच्या दुधाचं गोडसर दही, मातीच्या पसरट वाडग्यात लावलेलं. भाताच्या तुसावर ठेवून वरून घोंगडी पांघरून विरजतात. माती पाणी शोषून घेते, त्यामुळे चमचा उभा राहतो इतकं घट्ट होतं. वर सायीचा पिवळसर थर, खाली थोडा आंबट, थोडा धुरकट वास. शेजारीच उडदाच्या डाळीचं बारा आणि तांदळाच्या पिठाचं चतामरी मिळतं. शाकाहारी असाल तर मोमो घेताना नीट विचारा, ‘बफ’ लिहिलं असेल तर ते म्हशीचं मांस.

जेवणाची तक्रार इथूनच सुरू होते. दोन्ही रात्री आम्हाला थमेलमधल्या एका हॉटेलात पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी, जिरा राइस. सकाळी कांदेपोहे. काकांचे नेहमीचे प्रवासी ज्येष्ठ असतात, त्यांना हेच हवं असतं, हे समजू शकते. आमच्यासाठी मात्र हे चुकीचं आहे. विशीतल्या मुलांना दाल-भात-तरकारीचं ताट, गुंद्रुकचा (आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा) रस्सा, समय बजी हे पोह्यांचं नेवारी ताट एकदा तरी बसून खाऊ द्या. हे काठमांडूत पनीरपेक्षा स्वस्तही पडतं.

रविवार हा खरा मुद्दा. पहाटे चारला उठवून नगरकोटला सूर्योदयासाठी नेलं. निफाडच्या थंडीची सवय असलेल्यांचेही दात वाजत होते. शिखरांवर ऊन आलं, सुंदर दिसलं, कुणी नाही म्हणणार नाही. पण ती रांग आम्ही विमानातून पाहिली होती आणि परतताना उजव्या खिडकीतून पुन्हा पाहणार होतो. नगरकोट, तिथला नाश्ता, उतरतीचा रस्ता यात सकाळ गेली आणि पाटणला मिळाला जेमतेम तास.

पाटणला तास! १६३७ मध्ये सिद्धिनरसिंह मल्लानं बांधलेलं तिथलं कृष्णमंदिर अख्खं दगडी, शिखर पद्धतीचं, आजूबाजूच्या वीट-लाकडाच्या देवळांत एकदम वेगळं उठून दिसणारं. त्याच्या पहिल्या मजल्यावर महाभारत आणि वरच्या मजल्यावर रामायण कोरलेलं आहे, प्रसंगांखाली नेवारीत ओळी आहेत. माझं घर सीतागुंफेपासून चालत पाच मिनिटांवर. त्या रामायणात पंचवटी कशी कोरली आहे, शूर्पणखेचा प्रसंग कसा घेतला आहे, हे मला सावकाश पाहायचं होतं. खालून मान वर करून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं आणि शिट्टी झाली. तिथले मूर्तिकार मेणाचा नमुना करून त्यावर माती चढवतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत तांबं ओततात. दाइच्या काकांचं असंच घरगुती दुकान होतं, तो दाखवायला तयार होता, चालत दहा मिनिटं. वेळ नाही म्हणून राहिलं.

आणि वेळ कशाला होता? तर रुद्राक्ष-पश्मिनाच्या एका मोठ्या दुकानाला. गाडी तिथे सव्वा तास उभी. एकमुखी, पंचमुखी, प्रमाणपत्रासहित, चहा फुकट. त्र्यंबकला देवळाबाहेर रुद्राक्षांचे ढीग पाहत मोठे झालेल्या मुलांना हे दुकान दाखवण्यात काय अर्थ? गाडीवाल्याचं कमिशन असतं हे उघड आहे. हे थांबवायची जबाबदारी नाशिकच्या ऑफिसची आहे, आणि मी ते काकांना तोंडावर सांगितलं.

शेवटचं, आणि सगळ्यात गंभीर. रविवारी रात्री मुंबईत उतरून बाहेर यायला साडेअकरा झाले. न्यायला आलेल्या बसचा ड्रायव्हर सकाळपासून दुसऱ्या फेरीवर होता, असं त्यानंच सांगितलं. दोनच्या सुमारास बस रस्त्याच्या कडेला घेऊन त्यानं तोंड धुतलं, तेव्हा देवळालीचा मित्र त्याच्याशेजारी जाऊन बसला आणि नाशिक येईपर्यंत बोलत राहिला. मुंबई नाक्याला उतरलो तेव्हा आई-बाबा उभे होते. त्यांना मी हे लगेच सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी सांगितलं. सगळ्या सहलीत परका देश कुठेही धोक्याचा वाटला नाही. भीती वाटली ती घरच्या वाटेवर.

पाचपैकी चार देईन. एक गुण पाटण, पनीर आणि त्या बसचा. थमेलचं हॉटेल स्वच्छ होतं, गरम पाणी होतं, याहून जास्त त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

परत आल्यावर आम्ही आठ-दहा जण ऑफिसात गेलो आणि हे सगळं काकांना लिहून दिलं. त्यांनी वाद घातला नाही. पुढची बॅच ते परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात नेणार आहेत. मेमध्ये तिकडे हवा धुरकट असते, नगरकोटला डोंगर दिसतील याची खात्री नसते, त्यामुळे नगरकोट ऐच्छिक ठेवून रविवारची सकाळ पाटणला द्यायची आणि दाइच्या काकांच्या दुकानी मूर्तिकाम पाहायचं, हे त्यांनी मान्य केलं आहे. एक रात्रीचं जेवण नेवारी असेल. परतीच्या बसला दोन ड्रायव्हर देतो असंही म्हणाले. तुम्ही नाव नोंदवणार असाल तर पैसे भरण्याआधी हे शेवटचं पावतीवर लिहून घ्या.